आवाज ऐकण्याचे पैसे

इंजिनातून ठकठक यायला लागली की गाडीत आधी सगळे गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, "रस्ता खराब आहे." मग कुणीतरी गाणी मोठ्याने लावतं. आठवड्याभराने गाडी सर्व्हिस सेंटरला जाते, काउंटरवरचा मुलगा टॅबवर 'ॲबनॉर्मल नॉइज' असं टाइप करतो आणि संध्याकाळी फोन येतो : सर, इंजिन खोलावं लागेल, एस्टिमेट पाठवलंय. त्या एस्टिमेटमध्ये पार्ट असतात, लेबर असतं, जीएसटी असतो. एक ओळ मात्र नसते : आवाज कशाचा आहे हे कुणी, कसं आणि किती वेळ घालवून शोधलं.

ती ओळ नसते कारण बहुतेक वेळा ते काम झालेलंच नसतं. आणि ते झालेलं नसतं कारण त्याचे पैसे द्यायला आपल्यातलं कुणीच तयार नाही. माझी तक्रार एवढीच आहे. आपण निदान फुकट ठेवलं आणि दुरुस्ती विकत घेतली, म्हणून आपल्याला निदानाऐवजी पार्ट मिळतात. सर्व्हिस सेंटरवाले लुटारू आहेत, हे सांगायला लेख लागत नाही, ते कुठल्याही फॅमिली ग्रुपवर फुकट वाचायला मिळतं. मला त्यापेक्षा आपल्या सवयीबद्दल बोलायचंय.

पण आधी ठकठक म्हणजे काय ते बघू. 'इंजिन नॉकिंग मारतंय' या एका वाक्याखाली सात-आठ वेगवेगळे आजार लपलेले असतात आणि त्यांतल्या काहींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

ज्याला पुस्तकात नॉकिंग म्हणतात ते ज्वलनाचं आहे. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते, तिथून ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाची एक लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. नेहमीच्या कारच्या सिलिंडरमध्ये ती साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झला वाजते. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज. पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि खंबाटकीचा चढ चौथ्या गिअरवर रेटायचा हट्ट, असं असेल तेव्हा हा ऐकू येतो. गिअर खाली टाकला की गायब. आजच्या गाड्यांत इंजिन ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो हा आवाज ऐकून कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो, आणि तुम्हाला आवाजाऐवजी 'पिकअप मेलाय' असं वाटतं.

डिझेलचं उलटं असतं. तिथे ठिणगी नाही. इंधन आत फवारलं जातं आणि पेटायला किंचित वेळ लावतं. तेवढ्यात जास्त इंधन साठलं तर ते एकदम पेटतं आणि ठोका बसतो. म्हणून पेट्रोलचा नॉक जळण्याच्या शेवटी, डिझेलचा सुरुवातीला. गार डिझेल इंजिन सकाळी कुरकुरतं ते यामुळेच.

पण लोक ज्याला घाबरतात तो ठोका यातला कुठलाच नसतो. तो असतो बिग-एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे धरतो तिथल्या बेअरिंगचा. या बेअरिंगमध्ये आणि क्रँकमध्ये माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते आणि त्या फटीत ऑइलचा पापुद्रा असतो. धातू धातूवर फिरत नाही, ऑइलवर तरंगतो. ऑइल कमी पडलं, पातळ झालं किंवा पंपाने दाब सोडला, की फट वाढते आणि रॉड प्रत्येक फेरीला क्रँकवर आदळायला लागतो. खोल, जड, पोटातून येणारा ठोका. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं, की वाढतो. हा खरा असेल तर गाडी तिथेच बंद करायची, कारण पुढची पायरी म्हणजे रॉड तुटून ब्लॉकला भोक.

याच्या अगदी शेजारी, ऐकायला फसवा असा पिस्टनचा आवाज असतो. गार असताना पिस्टन सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो, डुलतो आणि भिंतीवर थापट्या मारतो. तापला की फुगतो आणि आवाज बंद. असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. त्याला काही करायची गरज नसते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग वरून येणारी टॅपेटची टिकटिक. चालू केल्यावर पहिले दोन सेकंद येणारी टायमिंग चेनची खडखड. सायलेन्सरच्या वाटेवरचं गॅस्केट फुटलं की फट्-फट्. आणि इंजिनाच्या बाहेरची सगळी गँग : सुटलेला हीट शील्ड, बसलेलं इंजिन माउंटिंग, एसीचा कॉम्प्रेसर, पुली.

आता गंमत बघा. वरच्या चार परिच्छेदांत मी ठकठक, टिकटिक, खडखड, फट्-फट् असे शब्द वापरले आणि तुम्हाला प्रत्येक वेळी वेगळा आवाज ऐकू आला. मराठीत या शब्दांची खाण आहे : खुळखुळ, खणखण, घरघर, किरकिर, करकर, धडधड. हलक्या धातूचं खुळखुळणं आणि जड धातूचं धडधडणं यातला फरक आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही, तो भाषेबरोबर आला. तुमच्या आजीला गाडीतलं काही कळत नसेल, पण 'गाडी खुळखुळतेय' आणि 'गाडी ठोकतेय' यांत ती गफलत करणार नाही. हे अर्धं निदान आहे. आणि काउंटरवर आपण ते देऊन टाकतो, बदल्यात मिळतो 'ॲबनॉर्मल नॉइज'. मागे वर्कशॉपमध्ये ज्याच्या हातात जॉब कार्ड जातं, त्याने गाडी गार असताना पाहिलेली नसते, चढावर पाहिलेली नसते. त्याला फक्त दोन इंग्रजी शब्द मिळतात. यात मराठी अस्मितेचा प्रश्न नाही. माहिती गळतेय.

आता माझ्या मामांच्या टॅक्सीची गोष्ट. ते कराडला असतात. डिझेल सेडान, दोन लाखांवर किलोमीटर, अजून चौदा हप्ते बाकी. गाडी उभी म्हणजे भाडं नाही आणि भाडं नाही तरी हप्ता आहेच. गेल्या वर्षी गाडी ठोकायला लागली. नुसती चालू ठेवली की जड ठकठक, रेस केल्यावर थोडी कमी. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे स्कॅनर लावला, कोड आला नाही. मग कुणीतरी बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकलं आणि निकाल दिला : बिग-एंड गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल, पंच्याऐंशी हजार, आठ ते दहा दिवस.

मामांनी गाडी टो करून त्यांच्या नेहमीच्या मेस्त्रीकडे नेली. मी तेव्हा तिथे होतो. मेस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. "गार असताना जास्त येतोय का तापल्यावर?" दोन्ही वेळा सारखाच. "एसी लावल्यावर वाढतोय?" हो, वाढतोय. "क्लच दाबल्यावर फरक?" नाही. "ऑइल कधी बदललंय? लाइट लागली होती का?" ऑइल वेळेवर, लाइट कधीच नाही.

या चार उत्तरांनी काय झालं ते बघा. बिग-एंड असतं तर तापल्यावर वाढलं असतं. क्लचकडचं काही असतं तर क्लच दाबल्यावर आवाज बदलला असता. एसीने वाढतोय म्हणजे बेल्टवरच्या ओझ्याशी काहीतरी संबंध आहे. अजून पाना हातात घेतलेला नाही आणि इंजिनाचं पोट बहुतेक सुटलं. नंतर त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ कानाशी, टोक इंजिनावर. चेंबरपाशी, ब्लॉकवर, हेडवर, मग पुढच्या बाजूला. पुढे आल्यावर थांबले. इंजिन बंद केलं, बेल्ट काढला आणि अर्धा मिनिट पुन्हा चालू केलं. ठोका जवळजवळ गेला. परत बंद. क्रँकच्या पुलीची बाहेरची कडी हाताने हलवली, तर ती डुलत होती. या पुलीत आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं, क्रँकची थरथर शोषून घ्यायला. ते रबर फाटलं होतं. बेल्टने ओढलं की कडी आतल्या भागावर आपटायची आणि आवाज क्रँकमधूनच सगळ्या इंजिनात पसरायचा, त्यामुळे तो हुबेहूब बिग-एंडसारखा वाटायचा.

पाऊण तास लागला. पुली चार हजारांची. शोधण्याचे तीनशे सांगितले.

आणि मामा, ज्यांचे नुकतेच ऐंशी हजार वाचले होते, ते म्हणाले, "नुसतं बघायचे तीनशे?"

मेस्त्री हसले. म्हणाले, "राहू द्या. नायतर पुलीत लावतो."

मला या लेखातलं सगळं त्या वाक्यात दिसतं. प्रामाणिक माणसालाही आपलं निदान पार्टच्या किमतीत लपवून विकावं लागतं, कारण उघडपणे मागितलं तर ते भीक मागितल्यासारखं वाटतं. यावेळी लपवायला पुली तरी होती. पण निदान असं निघालं असतं की पिस्टन गार असताना थापट्या मारतोय, काळजी करू नका, अजून लाखभर किलोमीटर चालवा, तर? तर मेस्त्रींना शून्य रुपये मिळाले असते. म्हणजे गिऱ्हाइकासाठी सगळ्यांत मौल्यवान उत्तर कोणतं? 'काही करू नका.' आणि आपण कोणत्या एका उत्तराला काहीही मोबदला ठेवलेला नाही? त्याच.

अशी व्यवस्था उभी केल्यावर लोक चुकीची उत्तरं देतात म्हणून आश्चर्य कसलं करायचं? मोठ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला तास ठरलेले असतात. क्लच प्लेटला इतके, वॉटर पंपाला इतके. ऐकण्याला किती लावणार? जो मेकॅनिक पाऊण तास स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून उभा आहे, तो कागदावर रिकामा बसलेला आहे. जो इंजिन खोलतोय तो कामात आहे. सुपरवायझर कुणावर ओरडणार ते सांगायला नको.

दवाखान्यात आपण तपासणीची फी वेगळी देतो आणि औषधाचे पैसे वेगळे. तिथेही कट प्रॅक्टिस आहे, महाराष्ट्रात त्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. पण निदान करणाऱ्याने औषधातून कमवू नये हे तत्त्व म्हणून तरी आपल्याला पटलेलं आहे. गाडीच्या बाबतीत ते तत्त्वसुद्धा नाही. तिथे केमिस्टलाच डॉक्टर केलंय आणि वर तपासणी मोफत असल्याचा बोर्ड लावलाय. 'फ्री चेकअप कॅम्प'ला गाडी घेऊन रांग लावणारे आपणच.

हा घोटाळा नवा नाही. नॉकिंगच्या जन्मकथेतच तो आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत गाड्यांचे ठोके ही मोठी डोकेदुखी झाली होती. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने बॅटरीवर चालणारी इग्निशन आणली होती आणि लोक ठोक्यांचं खापर त्याच इग्निशनवर फोडत होते. केटरिंगने शोधायला माणूस लावला, थॉमस मिजली. मिजलीने शोधलं ते खरोखर वाखाणण्यासारखं आहे. सिलिंडरमधला दाब नोंदणारं यंत्र बनवून त्याने दाखवलं की ठोका ठिणगीच्या आधी पडत नाही, नंतर पडतो. म्हणजे दोष इग्निशनचा नाही, इंधन कसं जळतं त्याचा आहे. मग त्याला वाटलं, इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता वेगळ्या पद्धतीने शोषेल. हाताशी आयोडीन होतं, ते टाकलं, ठोका गेला. पठ्ठ्या तिथे थांबला नाही. त्याने खरे लाल रंग टाकून पाहिले. काही फरक पडला नाही, म्हणून त्याने स्वतःचा लाडका सिद्धांत फेकून दिला आणि पुढे गेला. निदान म्हणजे हे.

आणि पुढे? ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना टेट्राइथिल लेड सापडलं. चिमूटभर टाकलं की ठोका गायब. अल्कोहोल मिसळल्यानेही ठोका कमी होतो हे याच मंडळींना माहीत होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्यावर मालकी सांगता येत नाही. शिशाच्या संयुगावर सांगता येत होती. बाजारात आणताना नाव ठेवलं 'इथिल', शिसं हा शब्द वगळून. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने कामगार वेडे होऊन मेले, तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवात हात धुऊन दाखवले. स्वतः तो आधीच्या वर्षी त्याच विषबाधेतून उठला होता. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये. म्हणजे एक आवाज बंद करायला आपण सगळ्यांनी मिळून शंभर वर्षं शिसं हुंगलं.

निदान करणारी प्रयोगशाळा आणि औषध विकणारी कंपनी एकाच घरातली होती. निदान उत्तम होतं. औषध निवडताना आजाऱ्याचं नव्हे, दुकानाचं हित बघितलं गेलं. कराडच्या पंच्याऐंशी हजारांपेक्षा हे फार मोठं प्रकरण आहे, मान्य. पण साचा तोच.

आता 'स्कॅनर लावला की सगळं कळतं' या अंधश्रद्धेबद्दल. माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे माझ्यावर यंत्रद्वेषाचा आरोप करता येणार नाही. स्कॅनर लागतोच. आजची फ्युएल इंजेक्शनची गाडी त्याच्याशिवाय तपासणं म्हणजे डोळे बांधून तपासणं. पण तो काय सांगतो आणि काय नाही ते समजून घ्या. ज्याला सेन्सर आहे तेच त्याला दिसतं. बेअरिंगची फट मोजणारा सेन्सर नेहमीच्या कारमध्ये नसतो. पुलीचं रबर फाटलं हे सांगणारा नसतो. ऑइलचा लाल दिवा आहे, पण तो दाब फारच खाली गेल्यावर लागतो, तोवर बेअरिंगचं व्हायचं ते झालेलं असतं. पी०३२५ हा कोड आला की 'इंजिन नॉक करतंय' असं सांगणारे महाभाग आहेत. त्या कोडचा अर्थ आहे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. म्हणजे कान बिघडलाय. ठोका आहे की नाही, त्याबद्दल तो कोड काहीच बोलत नाही. आणखी एक : एखादा सैल पत्रा खडखडत असेल तर नॉक सेन्सर त्यालाच नॉक समजू शकतो, आणि कॉम्प्युटर विनाकारण ठिणगी मागे ओढत बसतो. यंत्रसुद्धा ऐकण्यात फसतं.

आणि 'कोड आला नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही. आमच्या धंद्यात लॉगमध्ये एरर नाही म्हणून बग नाही असं कुणी म्हणालं तर त्याला हसतात. बग आहे आणि लॉग लिहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या धंद्याचं निघालंच आहे तर सांगतो. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की पाच जण तीन दिवस एका कॉलवर बसतात. शेवटी दुरुस्ती एका ओळीची निघते. क्लायंट कधी म्हणतो का, एका ओळीचे एवढे पैसे कसे? नाही, उलट आम्ही 'रूट कॉज ॲनालिसिस' नावाचं डॉक्युमेंट बनवतो, त्याचेही तास लावतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. हिंजवडीत एसीत बसून केलेलं तेच काम विश्लेषण, आणि कराडला हात काळे करून केलेलं तेच काम 'नुसतं बघणं'. या फरकाला तांत्रिक कारण काहीही नाही. एकाकडे डिग्री आहे, दुसऱ्याकडे फार तर आयटीआयचा 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' ट्रेड. तीनशे रुपयांवर घासाघीस करताना आपण त्या मेस्त्रीला त्याची पायरी दाखवत असतो.

डिग्रीची गोष्ट तर काढूच नका. मी मेकॅनिकल करून आयटीत आलो, माझ्या वर्गातल्या बहुतेकांसारखा. आय. सी. इंजिन्स हा विषय होता. पेट्रोल आणि डिझेल इंजिनांतल्या नॉकिंगची तुलना करा, कोष्टक काढा. हा हमखास येणारा प्रश्न, सगळ्यांना पाठ. ज्या उपायाने पेट्रोलचा नॉक कमी होतो त्यानेच डिझेलचा वाढतो, हे आम्ही डोळे मिटून लिहायचो. पण चार वर्षांत लॅबमधल्या इंजिनाशी उभं करून 'हा आवाज ऐक आणि कुठून येतोय सांग' असं एकदाही कुणी म्हटलं नाही. कापून रंग दिलेलं इंजिन होतं, ते आवाज करत नाही. ठोका ओळखता येणारे आणि ठोक्याचं कोष्टक काढता येणारे असे दोन वेगळे वर्ग आपण तयार केले, दुसऱ्याला पदवी दिली आणि पहिल्याला 'पोरा, पाना दे' म्हणत वाढवलं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : रस्त्यावरचे फिटरही भरपूर चुकतात. खरं आहे. किती इंजिनं गल्लीतल्या गॅरेजात नाहक खोलली गेलीत याची गणती नाही. 'कान तयार असतो' म्हणून मेस्त्रीला जादूगार करायला माझाही विरोध आहे. कराडला जे घडलं त्यात जादू नव्हती. प्रश्न विचारले, एकेक शक्यता कापली, शेवटी बेल्ट काढून बघितला. हे कुणालाही शिकवता येतं. म्हणूनच त्याचा दर ठरवता येतो, आणि चुकल्यावर जाबही विचारता येतो. फुकट निदान चुकलं तर कुणाच्या तोंडाकडे बघणार?

दुसरा : आता इलेक्ट्रिक गाड्या येतायत, इंजिनच नसेल तर ठोका कसला? बेअरिंग आहेत, गिअर आहेत, सस्पेन्शन आहे. उलट इंजिनाचा गोंगाट गेल्यामुळे बारीकसारीक आवाज जास्त ऐकू येतात. आणि तिथे 'मोटर असेंब्ली बदलावी लागेल' हे वाक्य पंच्याऐंशी हजारांत भागणार नाही.

जाता जाता ई-२० बद्दल, कारण हल्ली प्रत्येक आवाजाचं खापर त्याच्यावर फुटतं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा जास्त असतो. ते मिसळल्यावर ज्वलनाचा नॉक कमी व्हायला हवा, वाढायला नको. लिटरमागे त्यात ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज घटतं. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांबद्दलची चिंताही वेगळी आहे, त्यावर जरूर भांडा. पण ठोक्यासाठी त्याला धरू नका. तेही न तपासता केलेलं निदानच.

मग आवाज आला तर करायचं काय? खोल ठोका आणि सोबत ऑइलचा दिवा असेल तर काही विचार न करता इंजिन बंद करा, 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' नको. सपाटीवर उभी करून डिपस्टिक बघा. बाकी वेळी आधी लिहून काढा : गार की गरम, उभी की पळती, चढाला की ॲक्सिलेटर सोडल्यावर, एसीने, क्लचने, गिअरने काय फरक पडतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण व्हॉइस नोट म्हणून नको, तिथे ॲप आवाज साफ करायला जातं आणि नेमका ठोकाच पुसू शकतं. व्हिडिओ काढा आणि त्यात आरपीएमचा काटा दिसू द्या. काटा कशाला? १२०० आरपीएमला क्रँक सेकंदाला २० फेऱ्या मारतो आणि कॅम १०. रेकॉर्डिंग हळू करून ठोके मोजा. सेकंदाला दहाच्या आसपास भरले तर वरच्या, टॅपेटच्या बाजूला बघायचं, वीसच्या आसपास भरले तर खालच्या. पहिलीच्या गणितात होणारी ही चाचणी आहे आणि तिला कुठलाही पार्ट लागत नाही. एकाच सिलिंडरचा ठोका असेल तर तो सिलिंडर तात्पुरता बंद करून आवाज बदलतो का हेही बघतात. पण ते काम फिटरचं आहे. विशेषतः आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये जुन्या सवयीने इंजेक्टरचा पाइप सैल करायला जाऊ नका. आत हजार बारच्या वर दाब असतो, तो धारेने कातडीतून आत जातो.

आणि गाडी आत देताना जॉब कार्डावर 'ॲबनॉर्मल नॉइज' खोडायला लावा. तुमच्या शब्दांत लिहून घ्या, मराठीत लिहा म्हणावं, टॅब घेत नसेल तर कागदावर : 'चालू ठेवल्यावर जड ठकठक, पुढच्या बाजूने, एसी लावल्यावर वाढते, तापल्याने फरक नाही.' मग विचारा, फक्त शोधायचे किती घेणार? दुरुस्ती नंतर बघू, तुमच्याकडे करीन किंवा करणार नाही. काउंटरवरचा मुलगा गोंधळेल, आत जाऊन कुणाला तरी विचारून येईल, कदाचित म्हणेल, सर, चेकिंग फ्री आहे. तेव्हा त्याला सांगा की फ्री नको, पावती हवी आहे, आणि पावतीवर काय काय करून बघितलं ते लिहिलेलं हवं आहे. अमेरिकेत बरीच गॅरेजं अशी निदानाची वेगळी फी घेतात. तिथलेही लोक त्यावर कुरकुरतात, पण देतात. इथे आकडा पाचशे असेल, हजार असेल, पेट्रोलच्या एका टाकीपेक्षा कमीच. मेस्त्रीकडे गेलात तर त्याने मागायची वाट बघू नका. आवाज सापडला की पुलीचे पैसे विचारायच्या आधी ऐकण्याचे पैसे द्या, आणि त्याने "काही करू नका, चालवा" असं सांगितलं तर तेवढेच द्या.